चलानाच्या फोटोतली सून

चलानाचा मेसेज आला तेव्हा मी नांदुऱ्याच्या आमच्या घराच्या गच्चीवर कुरडया उलटत होते. गाडी विनाहेल्मेट चालवल्याबद्दल. खाली लिंक होती, लिंकमध्ये फोटो. गाडी माझी, नंबर माझा, पण चालवणारी माझी धाकटी जाऊ आणि मागे सासूबाई. गुरुवार होता. दोघी सकाळीच शेगावला दर्शनाला गेल्या होत्या, आणि वाळवणापाशी कुणीतरी थांबायला हवं म्हणून मला ठेवून गेल्या होत्या.

दंड भरला असता तर सगळं मोबाइलवरच मिटलं असतं. पण माझं दंडाकडे लक्षच नव्हतं. मी सासूबाईंचा हात बघत होते. जावेच्या खांद्यावर निवांत ठेवलेला हात. पदर वाऱ्यावर उडालेला, त्याचं भान नाही, आणि तोंडभर हसू. असं हसताना मी त्यांना घरात फार क्वचित पाहिलं होतं.

माझ्या मागे त्या कधी बसल्या नाहीत. गाडी मी घेतली, लायसन माझ्याकडे, शाळेत शिकवायला रोज याच गाडीवर जाते. पण दवाखाना असो की कुणाचं लग्न, त्यांचं ठरलेलं, "मले गाडीचं भेव वाटते बाई, मी ऑटोनं जातो." ते भेव मी खरं मानलं होतं. आमच्या सासूबाईंना दुचाकी सोसत नाही, असं शेजारणींना कौतुकाने सांगायचे. फोटोतली बाई कुठूनही घाबरलेली दिसत नव्हती.

संध्याकाळी दोघी आल्या. जावेने माझ्यासाठी कचोरी आणली होती, गार झालेली. मी कचोरी बाजूला ठेवली आणि विचारलं, "आई, आज भीती नाही वाटली गाडीवर?"

"लहानीच्या मांगं नाई वाटत मले," त्या पाय चोळत म्हणाल्या. "थे बेस चालवते."

मी इतकी हळू चालवते की सायकलवाले मला मागे टाकून जातात. आणि लहानीकडे तर लायसनही नाही! मी मोबाइल पुढे केला. जाऊ फोटो बघून ओशाळली. "ताई, मी भरून देतो दंड," म्हणाली. ते तिने अगदी मनापासून म्हटलं, त्यामुळे माझा आणखीच तिळपापड झाला. चांगुलपणातही हीच पुढे.

दंड मी भरला नाही, तिलाही भरू दिला नाही. काही महिन्यांनी शेगावच्या कोर्टाची नोटीस आली. नवरा म्हणाला, "एवढ्याशासाठी कोर्टात जातेस?" मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. तत्त्वबित्त्व काही नव्हतं. मी जळत होते. सासूबाईंनी चारचौघांसमोर, न्यायाधीशांसमोर मोठ्याने म्हणावं की गाडी लहानी चालवत होती, चूक लहानीची होती, एवढंच मला हवं होतं. घरात तर ती कधी चुकतच नाही. निदान कोर्टात तरी चुकावी.

मी सासूबाईंना विचारलं, साक्षीला याल का? त्या म्हणाल्या, "येतो की. त्यात काय हाय?" लहानी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मला बरं वाटलं.

आम्ही दोघी रेल्वेने गेलो. कोर्टाच्या आवारात आमचे वकील भेटले. त्यांनी एकदा मोबाइलमधला फोटो पाहिला, एकदा मला नखशिखांत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो बाई, फोटोतलीच साडी नेसून आलात?"

खरंच की. मोरपंखी, पिवळ्या काठाची. कोर्टात जायचं म्हणून कपाटातली चांगली साडी काढली, बाकी काही डोक्यात आलं नाही. सासूबाई दर दिवाळीला आम्हा दोघींना अगदी एकसारखी साडी घेतात. रंग तोच, काठ तोच, एका दोऱ्याचाही फरक नाही. का, तर घरात हेवेदावे नकोत. "माह्या घरी दुजाभाव नाई," हे त्या दुकानदारालाही सांगतात. त्यात फोटोतल्या जावेचं तोंड स्कार्फने बांधलेलं. मेच्या उन्हात आमच्याकडे सगळ्याच बायका फक्त डोळे उघडे ठेवून गाडी चालवतात.

"ही मी नाही, माझी जाऊ आहे," मी म्हटलं. "तिचीही अशीच साडी आहे. आई सांगतील."

वकिलांनी आवाज खाली आणला. "जावेकडे लायसन आहे?"

"नाही."

"मग तिचं नाव घेऊ नका. तीही अडकेल, आणि बिनलायसनच्या माणसाला गाडी दिली म्हणून तुम्हीही अडकाल."

"अडकू द्या," मी म्हटलं. सासूबाई शेजारीच बाकावर बसून हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी नुसता पदर सारखा केला.

आमचा पुकारा झाला. न्यायाधीश बाई होत्या, माझ्यापेक्षा लहानच असतील. त्यांनी फोटो पाहिला, मग माझी साडी पाहिली.

"गाडी तुमचीच ना? मग तक्रार काय आहे?"

"मॅडम, गाडी माझी आहे, पण चालवणारी मी नाही. मागे बसलेल्या माझ्या सासूबाई आहेत. त्यांनाच विचारा."

सासूबाईंना पुढे बोलावलं. मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिल्या. म्हणा, मी मनात म्हणत होते, एकदा लहानीचं नाव घ्या.

"आजी, गाडी कोण चालवतंय?"

"माही सून हाय."

"कोणती सून?"

"हे काय, हेच," त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मोठी. लय बेस चालवते मॅडम. हिच्या मांगं बसलं का मले भेव नाई वाटत."

माझ्या अंगाची आग आग झाली. लहानीला वाचवायला ही बाई कोर्टात उभी राहून धडधडीत खोटं बोलत होती, आणि तेही माझ्या तोंडावर. माझ्यासाठी ती घरातसुद्धा कधी खोटं बोलली नव्हती. तोंड उघडून सगळं सांगून टाकावं असं वाटलं. पण तिचे शब्द कानात घोळत होते. लय बेस चालवते. हिच्या मांगं भेव नाई वाटत. लग्न होऊन आल्यापासून मी हेच ऐकायला टपून बसले होते. ते कौतुक लहानीचं होतं, मला ठाऊक होतं. बोट मात्र माझ्याकडे होतं, आणि भरल्या कोर्टाने ते ऐकलं होतं.

न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणणं आहे तुमचं? गुन्हा कबूल आहे?"

वकील खाली बघत होते. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

"कबूल आहे," मी म्हटलं. "मीच चालवत होते. आई माझ्याच मागे बसल्या होत्या."