देवाच्या बोकडाशी ओढाओढ

खरं सांगायचं तर देवावर माझा विश्वास होता, पण त्याच्या कामाच्या पद्धतीवर नव्हता. माझी शेवंता अडीच वर्षांची असताना चालत होती, मला ‘आये’ म्हणत होती, शेळ्यांच्या मागे धावत होती. मग एकेक करून सगळं मागे गेलं. आधी शब्द गेले, मग चालणं, मग हाताची पकड. हातात काही दिलं तरी बोटं मिटायची नाहीत, वस्तू खाली पडायची. हसणंही गेलं. आमचा हिंगोली जिल्हा तेव्हा अजून परभणीतून वेगळा झाला नव्हता. नांदेडच्या डॉक्टरांनी बरंच तपासलं आणि सांगितलं, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. हाताला रोज सवय देत राहा आणि थोडं जरी आलं तरी आनंद माना. परतीच्या एसटीत मी रडत बसले. मला माझं आधीचं लेकरू परत हवं होतं, दुसरं काही नको होतं.

आमच्या घरी शेळ्यामेंढ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी टेकडीवरच्या खंडोबाला नवस केला, “लेकरू बरं होऊ दे, तुझ्या नावानं बोकड सोडीन.” आणि कळपातला सगळ्यात देखणा काळा बोकड वेगळा काढून त्याच्या कपाळाला भंडारा लावला. तिथून आमचे हाल सुरू झाले. देवाच्या नावाचा बोकड म्हणजे त्याला विकायचं नाही, मारायचं नाही, शिवीसुद्धा द्यायची नाही. हे बोकडाला चार दिवसांत कळलं. त्यानं शेजारणीची वाळत घातलेली ज्वारी खाल्ली, माझ्या नवऱ्याच्या ठेवणीतल्या सदऱ्याची बाही चघळली. कुणी भांडायला आलं की आत्याबाई हात जोडायच्या, “देवाचा हाय, काय करता.” मग शेजारी बोकडाला नमस्कार करून आणि आम्हाला शिव्या देऊन परत जायचे.

दुसरी तकलीफ मोठी होती. डॉक्टर म्हणाले होते आनंद माना, पण आत्याबाई मानू देत नव्हत्या. एकदा शेवंता मान सावरून भिंतीला टेकून बसली. मी गूळ वाटायला निघाले, तर त्यांनी ताटली हिसकावून घेतली.

“काहून वाटून राहिली? देवाला वाटंल, झालं काम. हात काढून घेईल अन् बोकड मागंल.”

पोरगी पुरती बरी होईपर्यंत ती सुधारत असल्याचं देवाला कळताच कामा नये, असं त्यांचं म्हणणं. पुढे शेवंता मला नजरेनं शोधायला लागली, तेव्हा आम्ही दोघींनी चुलीपुढे बसून गुळाचा खडा तोंडात टाकला, तोही चोरून. दारातून खंडोबाची टेकडी दिसते, म्हणून आधी दार लावून घेतलं होतं.

रोज दुपारी मी शेवंताच्या हातात भाकरीचा तुकडा द्यायचे आणि तिची बोटं माझ्या हातानं मिटवायचे. मी हात काढला की भाकरी सुटायची. बोकड तिथंच उभा असायचा. खाली पडायचीही वाट बघायचा नाही, थेट हातातून न्यायचा. कसरत माझ्या पोरीची आणि अंगाला लागायची बोकडाच्या.

एके दुपारी मी तिच्या हातात भाकरी देऊन चुलीकडे वळले होते. आत्याबाई दारात ज्वारी पाखडत होत्या. बोकडानं नेहमीसारखी भाकरी तोंडात धरून ओढली. भाकरी आली नाही. त्यानं पुन्हा ओढली. शेवंताचा हात पुढे गेला, मग अख्खी पोरगी पुढे सरकली, पण बोटं उघडली नाहीत. तिच्या कपाळाला आठी पडली. किती दिवसांनी मी माझ्या लेकराला चिडलेलं पाहत होते. आत्याबाई सूप टाकून उठल्या.

“सोडू नको शेवंते. धर. भाकर काय त्याच्या बापाची हाय?”

बोकडानं जोर केला, तशी त्यांनी पायातली चप्पल काढून देवाच्या बोकडाच्या पाठीत हाणली. भाकरी तुटली. अर्धी त्याच्या तोंडात, अर्धी शेवंताच्या मुठीत. तिनं मुठीकडे बघितलं, बोकडाकडे बघितलं आणि खुदकन हसली.

आत्याबाईच गल्लीभर ओरडत फिरल्या. शेजारपाजारचे धावत आले. बोकड मेला असेल अशी त्यांना आशा होती. गूळही आत्याबाईंनीच वाटला, दार सताड उघडं ठेवून. संध्याकाळी मात्र त्यांनी दार लावून घेतलं. देवाच्या बोकडाला चप्पल हाणली होती आणि बातमीही देवाला लागली होती.

रविवारी आम्ही टेकडी चढलो. शेवंता माझ्या कडेवर, बोकड पुढे. पुजाऱ्यानं आत्याबाईंना विचारलं, “पोरगी बोलती व्हय आता?”

“न्हाई.”

“चालती?”

“न्हाई.”

“मंग नवस कशाचा फेडून राहिल्या?”

“तिनं भाकर धरली,” आत्याबाई म्हणाल्या. “एवढं केलं देवानं. पुढचं त्याच्या मनावर. मी त्याला अडवून ठेवीत न्हाई आता.” दाव्याची गाठ त्यांना सुटेना, ती मी सोडली. आम्ही उतरून घरी पोचलो, तर बोकड आमच्या आधी दारात उभा. आत्याबाई त्याच्याकडे बघत म्हणाल्या, “देवाला बी झेपला न्हाई.”

त्या दुपारी बोकडाला कुणी धाडलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. शेवंता आता मोठी झाली आहे. बोलत नाही. भिंतीला धरून थोडी पावलं टाकते. माझं आधीचं लेकरू काही परत आलं नाही. त्याच्यासाठी मी फार दिवस देवाच्या दारात बसून होते, आणि हे लेकरू तोवर घरात माझी वाट बघत होतं. ते कळलं तेव्हापासून मी टेकडीवर मागायला जात नाही, सांगायला जाते. काल शेवंतानं आपल्या हातानं मला घास भरवला. निम्मा माझ्या नाकाला लागला. आज सांगायला जायचं आहे.