मामाच्या वायरिंगखाली मामीची सही

माझ्या मामाला विजेतलं सगळं कळतं, असं मामाचं मत होतं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि घरी आलं की पक्कड घेऊन भिंतींच्या मागे लागायचं, हा त्याचा बावीस वर्षांचा क्रम. घरातलं सगळं वायरिंग त्याने स्वतः केलं होतं. ते बघून वाहवा केल्याशिवाय पाहुण्याला चहा मिळत नसे.

बघण्यासारखं होतंही. बाथरूमच्या दिव्याचं बटण बाहेरच्या खोलीत होतं, त्यामुळे आत गेलेल्या माणसाला "दिवा!" म्हणून ओरडावं लागे. इस्त्री चालू असताना मिक्सर लावायचा नाही. आणि फ्रिज उघडायचा तो पायात रबरी चपला घालून, लाकडी डावाने दार ओढून. पुसायचा तोही झाडूला फडकं बांधून. मी सुट्टीत तिथे राहायला जायची, त्यामुळे मला वाटे की सगळ्यांच्याच घरी फ्रिजपाशी चपलांचा जोड असतो. एकदा मैत्रिणीच्या घरी पाणी घ्यायला उठले आणि तिच्या आईकडे चपला मागितल्या. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी तहानलेलीच घरी आले.

"फ्रिज चावतो का हो?" असं कोणी विचारलं की मामा म्हणे, "छे! जरा गुदगुल्या करतो."

मामीने दुसऱ्यांच्या पाळणाघरात मुलं सांभाळता सांभाळता केस पिकवले होते. आपलं स्वतःचं पाळणाघर काढायचं, तेही याच घरात, हे तिचं जुनं स्वप्न. यंदा मी सुट्टीला गेले, तेव्हा तिने चंगच बांधला होता. गल्लीतल्या सात आयांनी नावं दिली, भिंतीवर बदकं रंगवून झाली. अर्ज घेऊन ती कचेरीत गेली, तर खिडकीतल्या कारकुनाने आणखी एक कागद पुढे सरकवला. घराच्या वीज सुरक्षेचा दाखला हवा. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून तपासणी करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी, आणि खाली सही मालकाची. दाखला नाही तर पाळणाघर नाही.

"एवढंच ना?" मामा म्हणाला. इलेक्ट्रिशियनच्या रकान्यात त्याने स्वतःचं नाव घातलं आणि नोंदणी क्रमांकाच्या जागी दुकानाचा फोन नंबर. कारकुनाने मामीसमोरच तो फिरवला. पलीकडून आवाज आला, "चष्मा जवळचा की लांबचा?"

मामी घरी आली ती कागद नाचवतच. घर तिच्या वडिलांनी तिच्या नावावर केलेलं होतं, हे ती कधी बोलून दाखवत नसे. त्या दिवशी दाखवलं.

"अहो, मालक मी आहे. उद्या कुणाच्या लेकराला काही झालं, तर त्याच्या आईला तोंड मला दाखवायचंय. मी नोंदणीवाला माणूस बोलावतेय."

मामाने अबोला धरला. तो दीड तास टिकला, कारण मग तो अंघोळीला गेला आणि "दिवा!" म्हणून ओरडावंच लागलं.

नोंदणीवाला माणूस बाई निघाली. मामीने दारातच तिचं ओळखपत्र मागितलं, त्यावरचा क्रमांक कचेरीतून आणलेल्या यादीशी ताडून पाहिला आणि मगच "या" म्हणाली. त्याआधी मामाने आम्हाला तंबी दिली होती, की अगदी नॉर्मल वागायचं. चपला पलंगाखाली गेल्या, डाव त्याने स्वतःच्या पाठीमागे धरला.

बाईने मेन बोर्ड उघडला. "फ्यूज शेवटचा कधी उडाला होता?"

"बावीस वर्षांत एकदाही नाही!" मामाची छाती फुगली.

तिने फ्यूज ओढून बाहेर काढला. आत खिळ्याएवढी जाड तार होती. "उडेल कसा, काका? ही तार वितळायच्या आधी घर पेटेल."

मग ती म्हणाली, "काकू, जरा गार पाणी मिळेल का?"

झालं! मामी अनवाणीच फ्रिजपाशी गेली, हात पुढे केला आणि मागे घेतला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही विचार करायच्या आत माझा हात पलंगाखाली गेला होता. मी चपला दिल्या, मामीने घातल्या, मामाने पाठीमागचा डाव मुकाट्याने पुढे केला. इतक्या सफाईने की आम्ही जणू तालीमच केली होती. बाईने तो सगळा सोहळा शांतपणे पाहिला, पाणी प्यायली आणि ग्लास खाली ठेवला.

"काका, रांगती मुलं चपला घालतात का?"

मामा बदकांकडे बघत राहिला. मला हसूही येत होतं आणि त्याची दयाही येत होती.

"प्लगची तिसरी पिन मीच कापली," तो शेवटी म्हणाला. "सॉकेटमध्ये बसत नव्हती. मला वाटलं, शोभेची असेल."

"बिघाड झाला की वीज त्या वाटेने जमिनीत जाते. वाट तोडली की ती माणसातून जाते."

मामाने उठून स्वतःच्या हाताने मेन स्विच बंद केला. "काढा सगळं," तो म्हणाला.

आठ दिवस काम चाललं. मामा रजा काढून बाईच्या मागे मागे फिरत होता, प्रश्न विचारून तिला भंडावून सोडत होता. पक्कड मात्र तिने त्याला एकदाही हातात घेऊ दिली नाही. पुन्हा तपासणी झाली, दाखला आला. मामीने मालकाची सही केली ती इतकी ऐसपैस की रकान्याबाहेर गेली.

पाळणाघराचं पहिलं गिऱ्हाईक दहा महिन्यांचं होतं. खाली ठेवल्याबरोबर ते बदकांकडे ढुंकूनही न बघता थेट फ्रिजकडे सुटलं. दाखला आम्ही तिघांनीही वाचला होता, तरी मामीच्या तोंडून "चपला!" निघालंसुद्धा. बाळाने दोन्ही तळवे फ्रिजवर थाडकन आपटले. मग परत आपटले आणि खिदळायला लागलं.

मामी अनवाणी गेली, त्याच्याशेजारी बसली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने फ्रिजला तळहात लावला.

"अहो," ती म्हणाली, "किती गुळगुळीत आहे हो हा!"

मामानेही येऊन हात लावला आणि तसाच ठेवून उभा राहिला.

"होतायत का गुदगुल्या?" मी विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला. डोळे त्याने दुसऱ्या हाताने पुसले, कारण पहिला त्याला फ्रिजवरून काढवेना.