गाडी लाभली का?

त्या वर्षी आमच्या घरात कोणी धड बसत नव्हतं. पाय मोडून हे महिनोन्महिने खाटेवर पडले, त्यामुळे त्यांना बसवत नव्हतं. आणि आता पाय बरा होऊन ते पुन्हा त्याच रस्त्यावर जायला निघाले, म्हणून मला बसवत नव्हतं. ह्यांची नोकरी काटोलच्या शाळेत, घर नागपुरात. रोज स्कूटरनं जाणं-येणं, आणि त्यातच पडले. डॉक्टर म्हणाले, स्कूटर बंद, एसटीत उभं राहणं बंद, बसून चालवायचं काही असेल तर चालवा. म्हणजे चारचाकी घ्या, नाहीतर नोकरी सोडा.

नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे एक जुनी गाडी विकायला होती. फिकट हिरवी, नव्या रंगाचा वास मारत होती. हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसले आणि किती दिवसांनी हसले. मला मात्र तो वासच खटकला. जुन्या गाडीला कोणी उगाच नवा रंग देतं होय? मी तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "भाभीजी, टनाटन गाडी हाय, डोळे मिटून घ्या." डोळे मिटून घ्या म्हणणाऱ्याकडून मी भाजीसुद्धा घेत नाही.

गाडीच्या आरसी बुकात मालकांची नावं असतात, तिच्यावर काय बेतलं ते नसतं. पहिलं नाव काटोलच्या एका संत्रा व्यापाऱ्याचं होतं. मी म्हटलं, मी जाऊन विचारते. हे चिडले. "माणसं काय म्हणतील?" म्हणू देत. जीव कोणाचा जाणार होता?

सासूबाई म्हणाल्या, "मले बी ने." त्यांना भलतंच विचारायचं होतं. आमच्याकडे जुनं घर घ्या, गाय घ्या, आधी विचारतात, लाभली का? ती दारात आल्यावर घरात बरं झालं की वाईट? मी म्हटलं, "आई, गाडीचं इंजिन पाहायचं असतं, नशीब नाही." त्या म्हणाल्या, "तू तुयं विचार, मी माह्यं विचारीन."

एसटीनं काटोल गाठलं. व्यापारी बाजारात गेलेले, घरी त्यांची बायको. बाई मोठी अगत्याची. आम्हाला बसवून संत्री सोलून हातावर ठेवली. ब्रेक, क्लच, पाटे, सगळे प्रश्न मी रस्त्यात पाठ केले होते. पण सासूबाईंनी माझ्याआधी तोंड उघडलं. "बाई, ते गाडी तुमाले लाभली का वं?"

"लाभली म्हंजे? अवं माय, देवासारखी गाडी!" बाईचे डोळे भरून आले. "पुलावरून खाली नाल्यात गेली आमाले घेऊन. तीन पल्ट्या खाल्ल्या. चाकं वर, टप चपटा. आत आमी दोघं अन् चार पोट्टे. कोणाले खरचटलं बी नाही, बाप्पा!"

सासूबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले. मी हातातली फोड खाली ठेवली. मी विचारलं, "मग विकली काहून?"

"ह्यायचा हात बसेना ना मंग तिच्यावर. भेव बसलं मनात."

परतीच्या एसटीत आमचं कडाक्याचं वाजलं. त्यांचं एकच, सहा जीव वाचवले तिनं. माझं एकच, तीन पल्ट्या खाल्लेला सांगाडा सरळ होत नसतो! पुढच्या बाकावरची माणसं वळून पाहायला लागली तेव्हा कुठे आम्ही थांबलो.

हे काठी टेकून फाटकात उभेच. सासूबाई रिक्षातूनच ओरडल्या, "घेऊन टाक गा! लय लाभी हाय!" मी ओरडले, "नाल्यात पडलेली आहे ती!" मग दोघी एकदम बोलायला लागलो. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मी घरी बसून मरून राहिलो, ते दिसून नाही राहिलं तुले?"

मला असा राग आला की रडूच फुटलं. पण त्यानंतर नाही म्हणायची हिंमत झाली नाही. मी एवढ्यावरच अडून बसले की आधी गॅरेजमध्ये दाखवा. तिथे गाडी खालून पाहिली. मिस्त्री म्हणाला, चालेल, पण जन्मभर डावीकडे ओढेल. ह्यांनी 'चालेल' ऐकलं. मी बाकीचं ऐकलं.

गाडी आली, आणि खरंच डावीकडे ओढायची. हे उजवीकडे धरून चालवायचे. वर्षानुवर्षं. रात्री उजवा खांदा मीच चोळून द्यायची, आणि चोळताना बोलायची. संध्याकाळ झाली की माझे पाय फाटकाकडे. किती वेळा वरण करपलं. कोपऱ्यावर तिचा खडखडाट ऐकू आला की मी लगबगीनं आत जाऊन कामात असल्यासारखं करायची. सासूबाई असेपर्यंत चिडवायच्या, "बस ना वं, लाभी गाडी हाय." मला त्या शब्दाचाच राग यायचा.

हे रिटायर झाले आणि गाडी विकायला काढली. कामठीहून एक जोडपं आलं. माणूस टायर दाबून पाहत होता, हे गाडीचं कौतुक करत होते. मला राहवलं नाही. नाला, पल्ट्या, डावीकडचं ओढणं, सगळं सांगून टाकलं. हे माझ्याकडे असे पाहत राहिले! त्या माणसाचं तोंड उतरलं. त्याची बायको पुढे आली. ती हळूच म्हणाली, "ते समदं राहू द्या. तुमाले लाभली का?"

मी चिडून बोलायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. "रोज घरी आणलं वं ह्यांना," मी म्हटलं. "एक दिवस चुकली नाही."

तिनं नवऱ्याकडे पाहून मान हलवली. त्यांनी गाडी नेली. संध्याकाळी माझे पाय पुन्हा फाटकाकडे वळले. हे आत बसून चहा मागत होते, आणि मी बाहेर उभी राहून त्यांची वाट पाहत होते.