कोलंबोची जागा बिनविरोध

कोलंबोला आमच्यातला एकच जण जाणार होता, आणि तो मीच असणार याबद्दल निदान मला तरी शंका नव्हती. मी आमच्या कॉलेजातल्या मंडळाचा अध्यक्ष होतो. तसं पाहिलं तर अध्यक्ष ठेवायचाच नव्हता. आमचं मंडळ देशोदेशीच्या पोरांनी चालवलेल्या ज्या विद्यार्थी चळवळीचं होतं, तिचं म्हणणंच होतं की कोणी कोणाचा साहेब नाही. ज्याला पटेल त्यानं यावं, नाही पटलं तर खुशाल जावं. पण बिनाअध्यक्षाच्या मंडळाला यवतमाळात कोणी मंडळ म्हणत नाही. पहिल्याच दिवशी पोरांनी हार आणला आणि मीही मान खाली केली.

ती वर्षं आमच्या जिल्ह्याला वाईटच गेली. कापसाचं काही खरं नव्हतं, पेपरात रोज आमचं नाव, आणि दर आठवड्याला कोणीतरी मोठा माणूस गाडीतून उतरून आमची समजूत काढून जायचा. मी बोरी अरबचा, घरी कापूस आणि तूर. कापसाची निर्यात मधेच बंद व्हायची, मधेच सुरू व्हायची, आणि ती कोणाच्या भल्यासाठी बंद झाली हे बाबांना कधीच कळायचं नाही. माझा रूम पार्टनर मारेगावचा. राज्याबाहेर कापूस विकायला बंदी होती त्या काळात त्याच्या आजोबांची कापसाची बैलबंडी नाक्यावर अडवली होती. आजोबा म्हणायचे, ‘कापूस आपला, बंडी आपली, बैल आपले, अन् चोरबी आपणच.’ एक दिवस सायबर कॅफेत आम्हाला त्या चळवळीचं पान सापडलं. स्वतःच्या मालाचं काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं, असं त्यात लिहिलं होतं. ‘अबे, हे तं आमचा आजोबाच बोलून राह्यला,’ मारेगाववाला म्हणाला. आम्ही लगेच फॉर्म भरला.

नैरोबीचा एक पोरगा आमचा समन्वयक होता. त्यानं पुस्तकांचा खोका पाठवला आणि आम्ही पहिली सभा घेतली. चार जण आले, त्यातले दोन आलूबोंड्यासाठी. मी दीड तास स्वातंत्र्यावर बोललो. शेवटी एकानं हात वर करून विचारलं, ‘भाऊ, हे कोणत्या परीक्षेचं हाय?’

मंडळ वाढवलं ते तिनं. शहराला लागूनच लोहाऱ्याला ज्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो, त्यांची ती पोरगी, आमच्याच वर्गात. आम्ही तिला सेक्रेटरी म्हणायचो, कारण सगळं काम तीच करायची. माझं भाषण ऐकून म्हणाली, ‘तू नुसता सांगून राह्यला. विचार ना लोकायले काही.’ मग दर शनिवारी कॅन्टीनच्या भिंतीला एक फळा टेकवून ती त्यावर एकच प्रश्न लिहायची. हेल्मेट घालायचं की नाही हे कोणी ठरवावं? कापूस कोणाला विकायचा हे कोणी ठरवावं? आणि एका शनिवारी लिहिलं, मुलींच्या होस्टेलचं गेट सातला बंद, मुलांचं दहाला, हे कोणी ठरवलं? त्या दिवशी कॅन्टीनवाल्याला दुसऱ्यांदा दूध आणावं लागलं. तिचा एकच नियम होता: ज्याला पटत नाही त्यानं आधी बोलायचं. माझ्याशी भांडायला आलेली पोरं तिच्यामुळे सभासद होऊन जायची. वर्षाच्या आत दारव्ह्याला, मारेगावला शाखा निघाल्या. नैरोबीचा पोरगा कौतुकाचे मेल पाठवायचा आणि अध्यक्ष या नात्यानं ते कौतुक मी स्वीकारायचो.

आणि मग कोलंबोचं बोलावणं आलं. सगळ्या देशांतली पोरं जमणार, तिकीट त्यांचं, प्रत्येक मंडळातून एक जण, कोणाला पाठवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. सभेत दोन हात वर झाले. एक माझा, एक तिचा. तिचा हात पाहून सगळे एकदम चहाचे कप पाहायला लागले.

इथं आमच्याकडची रीत सांगितली पाहिजे. ग्रामपंचायत असो, सोसायटी असो, गणपतीचं मंडळ असो, निवडणूक बिनविरोध झाली तर गावाची शान. दोघं उभे राहिले की चार शहाणी माणसं त्यातल्या एकाच्या घरी जातात, चहा घेतात, ‘गावात दोन तट नको’ म्हणतात, आणि तो अर्ज मागं घेतो. मग गुलाल. बाबांनी स्वतः दोनदा अशी समजूत काढली होती आणि पाहुण्यांना ते कौतुकानं सांगायचे. दुसऱ्या खेपेला ज्याला बसवलं तो गृहस्थ त्यानंतर आमच्या ओट्यावर कधी आला नाही. पण तो मुळातच तिरसट, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत होतं.

तेव्हा मारेगाववाल्यानं तिघांना सोबत घेतलं. मला म्हणाला, ‘तू येऊ नको, बरं दिसत नाही.’ मी गेलो नाही. पण ते कशाला चालले होते हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मी अडवलं नाही. त्यांनी तिला कॅन्टीनमध्ये गाठून सांगितलं, ‘इतक्या दूर तुह्या घरचे कायले पाठवतीन? जागा वाया जाईन. उगीच मंडळात दोन तट नको.’ तिनं चहा संपवला आणि म्हणाली, ‘ठीक हाय.’ मी पेढे वाटले. तिनंही एक घेतला. नैरोबीला माझं नाव कळवणारा मेलही तिनंच टाकला, कारण माझं इंग्रजी तेवढ्यास पुरत नव्हतं.

आता गंमत अशी, की माझ्याकडे पासपोर्टच नव्हता. त्यामुळे तिकीट अडलं. सरकारनं माणसाच्या मधे मधे येऊ नये असं सांगत फिरणारा अध्यक्ष आठवडाभर पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून होता. त्यातच माझ्या गाडीचा क्लच गेला. चाचा ट्रॅक्टरशिवाय आम्हा पोरांच्या गाड्याही बघायचे, म्हणून गाडी ढकलत लोहाऱ्याला गेलो.

‘काय बेटा, पासपोर्ट झाला का?’ त्यांनी विचारलं.

‘नाही ना, चाचा.’

‘तिचा तं दिवाळीच्या पहिलेच बनवला. गॅरेज बंद ठेवून मीच नागपूरले घेऊन गेलतो. म्हणे, अब्बा, कधी बोलावणं आलं तं टायमावर पळापळ नको.’

मी कसंबसं विचारलं, ‘मग?’

‘मंग काय, आता म्हणे मले जायचंच नाही. मोठी हाय, तिची मर्जी. मी काही बोललो नाही.’ त्यांनी फडक्याला हात पुसले आणि बेअरिंगच्या डब्यांमागून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पासपोर्ट काढून दाखवला. इतक्या प्रेमानं दाखवला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. ज्या बापाला आम्ही परस्पर अडवणारा ठरवलं होतं, तो मुलीची मर्जी म्हणून गप्प बसला होता. अडवलं होतं ते आम्ही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण शाळेत दहा वेळा लिहिली असेल. त्या दिवशी गॅरेजमध्ये तिचा अर्थ कळला. मला मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर मी उभा राहिलो. ‘माझं चुकलं. मी माघार घेतो. तू जा, बिनविरोध.’ मारेगाववाल्यानं टाळ्या वाजवायला हात वर केले सुद्धा.

ती म्हणाली, ‘तुले अजून समजलं नाही. तेव्हा मले कोणी विचारलं नाही, समजावलं. आता तूबी समजावूनच राह्यला.’

मारेगाववाल्याचे हात खाली आले.

‘तुले जायचं हाय ना कोलंबोले?’

‘हाव.’

‘मंग उभा राह्य. मले बिनविरोध नाही जायचं.’

‘अन् तू हरली तं?’

‘तं हरली. पण मतं मोजून.’

तिकीट निघालेलं नव्हतं, त्यामुळे नाव बदलायला वेळ होता. शनिवारी फळ्यावर आमची दोघांची नावं लिहिली आणि मारेगाववाल्याचा जेवणाचा डबा घासून पुसून त्याची मतपेटी केली. मी नेहमीप्रमाणे लांबलचक बोललो. ती दोनच वाक्यं बोलली. ‘पासपोर्ट माझ्याकडे आहे, घरून होकार आहे. बाकी ज्याला द्यायचं त्याला मत द्या.’ डबा उघडेपर्यंत ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिला जायचं होतं, फार जायचं होतं, आणि ते मला वर्षभरात पहिल्यांदाच दिसलं.

मी तीन मतांनी पडलो. पोरं पांगल्यावर तिनं विचारलं, ‘तू कोणाले मत देल्लं?’

खोटं बोलायची सोय नव्हती. ‘मलेच.’

‘बरं केलं,’ ती म्हणाली. ‘मीबी मलेच देल्लं.’

ती कोलंबोला गेली. चाचा तिला सोडायला स्टँडवर आले होते, त्याही दिवशी गॅरेज बंद. मी तिची बॅग गाडीत चढवली आणि बोरी अरबची एसटी पकडली. घरी जेवताना बाबांना सगळं सांगितलं.

‘पण तुम्हाले कोणी समजावलं नाही काय?’ बाबांनी विचारलं. ‘दोघातल्या एकाले?’

‘तिले समजावलं होतं, बाबा. ती बसलीबी होती. पण तिले जायचं होतं.’

बाबांनी भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला. मग आईकडे पाहून म्हणाले, ‘तो तिरसट नाही.’ कोण ते आईला विचारावं लागलं नाही. हात धुऊन त्यांनी चपला घातल्या आणि आमच्या ओट्यावर पुन्हा कधी न आलेल्या त्या गृहस्थाच्या घराकडे निघाले.