नाव न छापण्याची अट

सातवीत शाळा सुटली आणि लग्न होऊन मी कोकणातून थेट हळदीच्या मुलखात, हट्ट्याच्या बाजूला येऊन पडले. पहिल्याच हंगामात थोरल्या जाऊबाईंनी माझी कथांची वही हळद शिजवायच्या कढईखाली घातली. "लई लिवणारी आली! जाळाला तरी कामी आली बघ," म्हणाल्या. बाया हसल्या. मीपण हसले, भीतीनं.

त्याच दिवशी सूड ठरवला. कथेत एक जाऊ हळदीच्या धुळीत खोकून खोकून मरणार. तिच्या चेहऱ्यावर जाऊबाईंसारखीच एक खूण असणार, गावानं ओळखावी अशी. फक्त धुळीनं माणूस मरतं कसं, ते मला ठाऊक नव्हतं.

पुढं हळद पॉलिश करणाऱ्या बायांचा दम तपासायला विद्यापीठातली एक मुलगी आली. मी लगबगीनं पुढं बसले. ती म्हणाली, "ताई, नाही म्हटलं तरी चालेल. कारण सांगायची गरज नाही. नाव कुठं येणार नाही."

शाळेतून काढताना, लग्न ठरवताना, कुणी मला असं विचारलं नव्हतं. नळीत फुंकायच्या ऐवजी मी रडत बसले. त्या पोरीचे उपकार फिटायचे नाहीत.

मग हळूच विचारलं, "नाव गाळलं, पण चेहऱ्यावरची खूण लिहिली तर?"

"तीपण गाळायची. ज्यानं आपल्याला सांगितलं, त्याचं नुकसान होता कामा नये."

माझी कथा तिथंच मेली. पण हत्यार हाती आलं.

घरी येऊन जाऊबाईंना म्हटलं, "आक्का, तुमच्यावर लिहू का? नाही म्हणालात तरी चालेल."

"काहून? न्हाई लिवायचं!"

"बरं." कारण विचारलं नाही.

गल्लीतल्या बाकी बाया हो म्हणाल्या. त्यांची कथा दिवाळी अंकात आली, ओट्यावर वाचली गेली. "ही मीच हाय!" म्हणून दोघी भांडल्या. जाऊबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "आन् मी कुठं हाय?"

"तुम्ही नाही म्हणाला होता."

तेव्हापासून मला आयता चहा मिळू लागला. परवा त्या हरल्या. "लिव बाई. वही जाळली ते बी लिव. पर माझं पुरं नाव टाक."

आज हे वाचून दाखवलं. शेवटपर्यंत कान देऊन ऐकलं त्यांनी.

"माझं नाव कुठाय गं?"

"नियम आहे, आक्का. तुमचं नुकसान होईल."

त्यांनी एकदा वहीकडं बघितलं, एकदा चुलीकडं. कथेत खोकवून मारलं असतं, तर एवढं समाधान मिळालं नसतं.