आमच्या गावचा परदेशी कोच

टीव्हीवर भारताची फुटबॉल टीम हरली की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच मिनिटांत भांडण लागतं. कोच परदेशी हवा की आपला? ग्रुपमध्ये सगळे बदलापूर गावचे जुने खेळाडू, म्हणजे आता गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढणारे. एक म्हणतो, बाहेरच्याला आपली माणसं कळत नाहीत. दुसरा म्हणतो, आपल्याला कळून तरी काय दिवे लागले? मग कुणीतरी साईंचं नाव काढतं आणि भारतीय फुटबॉल बाजूलाच राहतं. प्रत्येकाकडे साईंचा एक तरी किस्सा असतोच. इतके साचलेत की म्हटलं, निदान माझ्या वाटचे लिहून काढावेत.

कारण परदेशी कोच आम्ही स्वतः वापरून पाहिलेला आहे. आमचा परदेशी उल्हासनगरचा होता. आमच्यापासून दोन स्टेशनं. पण त्या काळी आमच्या गावात अंबरनाथची सून आली तरी "लांबची केली" म्हणायचे, तिथे उल्हासनगरच्या कॅम्पातला सिंधी म्हणजे परदेशीच झाला.

*

त्याआधी टीम नानाकाका निवडायचे. नानाकाका माझे सख्खे चुलते, टीम काढली ती त्यांनीच. निवडीची पद्धत सोपी होती. वरच्या आळीचे चार, खालच्या आळीचे चार, देवळामागचे दोन. कुणी रुसायला नको. उरलेला एक आमच्या घरातला, तो मी. गोलकीपर. मला बॉलची भीती वाटते हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण नानाकाकांना सांगणार कोण?

एका वर्षी अंबरनाथच्या टुर्नामेंटमध्ये पहिल्याच मॅचला आम्ही सात गोल खाल्ले. म्हणजे मी खाल्ले. गावात मीटिंग बसली. मधू आमचा कॅप्टन. तो म्हणाला, कॅम्पात एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना मानाने साईं म्हणतात, कारखान्याच्या टीममधून खेळलेत, त्यांना कोच म्हणून आणू.

नानाकाका भडकले. "बाहेरच्याला आपल्या गावाचं काय ठावं?"

"काय नाय ठावं, म्हनून तर आनायचा," मधू म्हणाला.

शेवटी नानाकाका एका अटीवर तयार झाले. दरवर्षी होळी झाली की देवळात बसायचं आणि हात वर करून ठरवायचं, कोचला ठेवायचा की पाठवायचा. पहिल्या वर्षी 'पाठवा' म्हणून पहिला हात त्यांचाच वर गेला. दुसऱ्या वर्षीही त्यांचाच.

साईंचा कारखाना बंद पडला होता आणि त्याबरोबर त्यांची टीमही गेली होती. कॅम्पात त्यांच्या आजूबाजूला सगळे क्रिकेटवाले. रविवारी बूट चढवून जायला आमच्याशिवाय त्यांना दुसरी जागा नव्हती. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण होळी जवळ आली की ते जरा गप्प गप्प व्हायचे.

*

भात कापून झालं की शेत हेच आमचं मैदान. त्याच्या बरोबर मधून एक बांध जायचा. अलीकडचं शेत थोरल्या भावाचं, पलीकडचं धाकट्याचं, आणि दोघांचा वाद त्या बांधावरूनच. त्यामुळे बांधाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आम्ही बॉल घेऊन पळताना मधे उडी मारायचो.

साईं पहिल्या दिवशी स्कूटर लावून आले, बांध बघितला आणि म्हणाले, "ये हटाते क्यों नहीं?"

सहा जण एकदम सांगायला लागले. एकाने तर आजोबांपासून सुरुवात केली. साईंनी दोन्ही हात वर केले.

"बस. किसका क्या रिश्ता, किसका क्या झगड़ा, मेरे को कुछ मत बताओ. मेरे को सिर्फ पैर दिखाओ."

मग त्यांनी बांधही डावपेचात घेतला. बॉल बांधावरून हवेतून टाकायचा आणि समोरची टीम अडखळून पडेपर्यंत गोलपर्यंत पोचायचं. त्या सीझनला आम्ही घरची एकही मॅच हरलो नाही. बाहेर मात्र सपाट मैदानावर आमची पोरं उगाचच उड्या मारायची.

*

पैर बघून टीम निवडल्यामुळे व्हायचं तेच झालं. साईंनी डाव्या बाजूला एकनाथ आणि गजा यांना शेजारी शेजारी लावलं. त्याच बांधवाल्या दोन भावांची ही दोन पोरं. दोन्ही घरांचं बोलणं बंद, पाणीसुद्धा बंद.

पहिल्याच मॅचच्या पहिल्या हाफमध्ये गजा मोकळा उभा असतानाही एकनाथ बॉल मागे, थेट गोलकीपरला द्यायचा. गोलकीपर मी, म्हणजे ते त्याहून धोक्याचं. साईं बाहेरून ओरडायचे, "लेफ्ट में दे! लेफ्ट में आदमी खाली है!" त्यांना काय माहीत तो आदमी कोण!

दुसऱ्या हाफमध्ये तीन जणांनी एकनाथला घेरलं आणि त्याच्या पायातून पास गेला. गजाने गोल मारला. सगळं गाव नाचलं, फक्त दोन बाप सोडून.

घरी एकनाथच्या वडिलांनी त्याला उभा करून विचारलं, "त्याच्याशी बोललास?"

"बोललो नाय. निस्ता पास दिला."

पुढे कितीतरी वर्षं ते दोघं निस्ता पासच देत होते. एकनाथच्या लग्नात गजा पहिल्या पंगतीला वाढायला होता, तेव्हा कुठे आम्हाला कळलं की बोलणं सुरू झालंय.

*

महिनाभरात साईंनी मला बाहेर बसवलं. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. आईला नाही वाटलं. आमचं घर मैदानाला लागून, त्यामुळे प्रॅक्टिस संपली की कोचचा चहा आमच्याकडे ठरलेला. आई मला म्हणाली, "माज्या पोराला बाहेर बसवला आनि मी त्याला गोड च्या देऊ?" त्या रविवारी तिने साईंच्या कपात साखरेचा दाणा टाकला नाही.

साईंनी एक घोट घेतला. थांबले. सगळा चहा प्यायले आणि कप खाली ठेवला.

"भाभी, किसने बताया आपको?"

"काय?"

"मेरे को शुगर है. जिधर जाता हूँ, ना बोलने पर भी लोग दो चम्मच डाल देते हैं. आप ने बिना बोले समझ लिया."

आईने माझ्याकडे बघितलं, आत गेली आणि भाजलेले शेंगदाणे घेऊन आली. त्या दिवसापासून दर रविवारी साईंचा बिनसाखरेचा कप वेगळा निघायला लागला. खरं काय होतं ते तिने त्यांना कधीच सांगितलं नाही. आम्हालाही सांगू दिलं नाही.

*

तिसऱ्या वर्षी अंबरनाथच्या टुर्नामेंटची फायनल आमची आणि उल्हासनगरच्या टीमची. तीही साईंच्याच कॅम्पातली. अर्धी पोरं त्यांच्या गल्लीतली, त्यांना 'अंकल' म्हणणारी.

परदेशी कोचची मॅच त्याच्याच देशाशी असली की टीव्हीवाले राष्ट्रगीताला त्याच्या तोंडावर कॅमेरा धरतात, ओठ हलतात का बघायला. आमच्याकडे कॅमेरा नव्हता. नानाकाका होते. ते मुद्दाम साईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "बघतो, टाळी कुनाला वाजवतोय."

कॅम्पवाल्यांनी गोल केला. साईं ताडकन उठले आणि सिंधीतून जे सुरू झाले ते थांबेचनात. समोर कॅम्पची माणसं पोट धरून हसायला लागली. नानाकाकांना एक अक्षर कळेना. त्यांनी कॅम्पातल्या एका म्हाताऱ्याला गाठलं.

"काय बोलतोय हा?"

"काका, वो मैं बोल नहीं सकता. पण तुमच्या पोरांना बोलतोय."

"नक्की आमच्याच?"

"एकेक का नाम लेके."

नानाकाका परत येऊन शांतपणे खुर्चीवर बसले. मॅच आम्ही हरलो. पण त्या होळीला देवळात नानाकाकांचा हात खालीच राहिला.

*

मग आमंत्रणं सुरू झाली. आमच्याकडे हळदीला बोलावलं की जायचंच असतं. आधी साईं टाळायचे. "घर गया तो रिश्ता पता चलेगा," म्हणायचे. पण नानाकाका मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन स्वतः कॅम्पात गेले, तेव्हा त्यांना नाही म्हणता आलं नाही. एका हळदीला गेल्यावर दुसरीला कसे नाही जाणार? बघता बघता साईं हळदीच्या बेंजो बँडवर आमच्यापेक्षा बरे नाचायला लागले. "काय रं, कवा आलास?" असं आमच्यासारखं बोलायला लागले. कुणाची बहीण कुठे दिली, कुणाचा मामा कुणाचा साडू, सगळं त्यांना तोंडपाठ. आम्हाला कोण आनंद! त्या शेताच्या जागी आता सोळा मजली सोसायटी उभी आहे. तिच्यासमोरून जाताना अजून मला ते रविवार आठवतात आणि तेवढं सुख पुन्हा मिळालं नाही असं वाटतं.

सहाव्या होळीला देवळात बसलो. नानाकाका म्हणाले, यंदा हात वर करायची गरजच नाही, साईं आता कायमचे. तेवढ्यात साईं उभे राहिले.

"मागच्या रविवारी मी खालच्या आळीच्या वसंताच्या भाच्याला मैदानात उतरवला. का उतरवला?"

साईंनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि स्वतःच उत्तर दिलं.

"पोरगा चांगला हाय. पन धावत नाय. मी त्याला उतरवला, कारन आदल्या दिवशी वसंताकडे जेवलो. त्याची बहीण वाढताना बोलली, दादा, माज्या पोराकडे बघा." मग ते हिंदीवर आले. "मैं भी अब तुम्हारे जैसा हो गया. आता दुसरा बघा. बाहेरचा."

मधू जमिनीकडे बघत राहिला. नानाकाकांनी चष्मा काढून पुसला. मला रडू आलं, आणि ते लिहायला आता लाज वाटत नाही. त्यांना आम्ही अडवलं नाही, कारण ते बरोबर होते.

*

नवा कोच आणला अंबरनाथ पूर्वेचा, एका शाळेतले पी.टी.चे सर. त्यांना गावातलं कुणीच माहीत नव्हतं, म्हणजे आम्हाला हवा होता तसाच माणूस. पहिलीच मॅच घरच्या मैदानावर होती. साईं सवयीने स्कूटर घेऊन आले, पण कोचच्या खुर्चीकडे गेले नाहीत. गावकऱ्यांच्या घोळक्यात नानाकाकांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. बराच वेळ त्यांना हात कुठे ठेवावेत तेच कळत नव्हतं.

सरांनी पायांवरून टीम निवडली होती. वसंताचा भाचा बाहेर बसला होता. आम्ही एका गोलने पुढे होतो, दहा मिनिटं उरली होती आणि सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात घोळक्यातून साईंचा आवाज आला.

"ओ सर! त्याची मावशी वांगनीवरनं आलीय बघायला. पाच मिनटं तरी उतरवा पोराला!"

सर दचकून वळले. त्यांनी साईंना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि नानाकाकांना हळूच विचारलं, "हे कोण?"

नानाकाकांनी मैदानावरची नजर हलवली नाही.

"गावातलेच हायेत," ते म्हणाले. "तुमी नका लक्ष देऊ."