फायद्याचा रकाना

उदारीकरणाचं वारं लागलं आणि खडकीजवळच्या आमच्या कारखान्यात फर्मान निघालं : प्रत्येक खात्यात संगणक हवा. कुठलं काम संगणकावर घ्यायचं, कुठलं सोडायचं, हे ठरवायला छापील अर्ज आले. त्यात ‘अपेक्षित फायदा’ असा रकाना. स्टोअरचा अर्ज मी भरला. लिहिलं : सुटा भाग शोधायचा वेळ निम्मा होईल. हे निम्मं मी काढलं कुठून? कँटीनमध्ये, चहा पिता पिता. स्टोअरमध्ये पाऊलही टाकलं नव्हतं. अर्ज मंजूर झाला आणि मी हुशार ठरलो.

वर्षभराने साहेबांनी बोलावलं. “सगळ्या शाखांत हेच न्यायचंय. प्रमुख तुम्ही. फायदा झाला, असा अहवाल तेवढा द्या.”

आता तरी बघून यावं म्हणून गेलो. संगणकावर दसऱ्याचा वाळलेला झेंडू, कीबोर्डवर कुंकू. आणि शेजारी स्टोअरच्या बाई जाडजूड वहीत नोंद करतायत.

“वही अजून चालूच?”

“मग? तुमचं यंत्र आठ आकडी नंबर मागतं. कामगार येऊन म्हणतो, ‘बाई, लेथच्या पोटातलं ते वाकडं द्या.’ वाकड्याचा नंबर दिलाय तुम्ही?”

“म्हणजे दोनदा नोंदता?”

“आधी वहीत. मग तुमच्या समाधानासाठी यात.”

“फायदा काहीच नाही?”

“असं कसं! याला उकडतं म्हणून एसी बसवला ना. वीस वर्षं मी घामाने निथळत होते, तेव्हा नाही सुचलं कुणाला.”

मी अहवालात लिहिलं : वेळ दुप्पट लागतो. फायदा एकच, स्टोअरमध्ये गारवा.

साहेबांनी तो दोनदा वाचला. “अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? ‘वेळेची बचत’ लिहा आणि मोकळे व्हा.”

“ते एकदा लिहिलंय, साहेब. थाप होती. पुन्हा नाही लिहिणार.”

“प्रमुखपद जाईल.”

“जाऊ दे.”

गेलं! वर स्टोअरचं काम यादीतूनच कटाप झालं. संगणक उचलला, आणि दुसऱ्या दिवशी दोघे जण शिडी घेऊन एसी काढायला हजर. मी दारात आडवा उभा राहिलो.

“काढायचा नाही.”

“कुणी सांगितलं?”

“एवढ्या खटाटोपातून खरोखर झालेला हा एकच फायदा आहे. लेखी आहे. साहेबांच्या फायलीत बघून या.”

शिडी परत गेली. मी विजयी मुद्रेने बाईंकडे वळलो. त्यांनी वहीतून मानही वर केली नाही.

“दार लावा. गारवा बाहेर चाललाय.”